जंगलातली गांडुळं सहा वर्षं मोजतोय. निम्मी झाली, की आमचंच काही चुकतंय?

रानओल (सोमवार, रात्री)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. ज्यांना गांडुळांची किळस आहे त्यांनी इथूनच परत फिरावं.

आमचा सहा-सात जणांचा गट आहे. हौशीच, पण हौस जरा हाताबाहेर गेलेली. सहा वर्षांपूर्वी एका जंगलात बारा प्लॉट आखले. १ ते ६ जुन्या मिश्र पानझडी रानात, ७ ते १२ त्याला लागून असलेल्या पाइनच्या लागवडीत. वर्षातून एकदा जायचं. प्रत्येक प्लॉटमध्ये चार ठिकाणी २५ बाय २५ सेंटीमीटरची लोखंडी चौकट ठोकायची, आतला पाचोळा वेगळा काढायचा, मग ३० सेंटीमीटर खोलीपर्यंतचा मातीचा ठोकळा उचलून पांढऱ्या कापडावर टाकायचा आणि हाताने फोडत एकेक गांडूळ वेचायचं. शेवटी खड्ड्याच्या तळाशी मोहरीच्या पुडीचं पाणी ओतायचं आणि खोल दडलेली वर येतात का, ते बघत बसायचं. पाठीचा पार भुगा होतो.

पहिली तीन वर्षं आकडे साधारण सारखेच. चौथ्या वर्षी घसरले. पाचव्या वर्षी आणखी. यंदा पहिल्या वर्षाच्या जेमतेम निम्मे. अहवालाचा मसुदा तयार आहे आणि त्यातलं पहिलंच वाक्य आहे, ‘या जंगलातली गांडुळं सहा वर्षांत निम्म्यावर आली.’ गटातली एक मैत्रीण म्हणते, हे वाक्य एवढ्यात पाठवू नकोस. का, ते तिला नीट सांगता येत नाही आणि मला ते ऐकवत नाही. म्हणून इथे टाकतोय. घाला शिव्या.

आगाऊ_प्रश्न (सोमवार, रात्री)

शिव्या जाणकार घालतीलच, माझा बाळबोध प्रश्न. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र असं शाळेत घोकलंय. जंगलात शेतकरी नाही, नांगर नाही. तिथे ती कमी झाली काय, जास्त झाली काय, जंगलाला काय फरक पडतो?

कुजकी_फांदी (मंगळवार, सकाळी)

@आगाऊ_प्रश्न, पडतो, आणि कधीकधी उलटा पडतो. हिमयुगात बर्फाच्या थराखाली गेलेल्या उत्तर अमेरिकेच्या पट्ट्यात देशी गांडुळं उरलीच नव्हती. त्यानंतर जी जंगलं तिथे उभी राहिली ती गांडुळांशिवाय. पाचोळा बुरशीच्या जिवावर सावकाश कुजायचा, त्याची जाड गादी साठायची, आणि रोपं, नेचे, रानफुलं त्या गादीत रुजायची. मग युरोपातून आलेल्यांबरोबर रोपांच्या मुळांना चिकटलेल्या मातीतून गांडुळं आली, पुढे मासेमारीचं आमिष म्हणून तळ्यांच्या काठाशी पोचली. मिनेसोटातल्या शुगर मेपलच्या जंगलांत यावर नीट काम झालंय. गांडुळांची आघाडी वर्षाला साधारण ५ ते १० मीटर पुढे सरकते आणि ती जिथून गेली तिथे पाचोळ्याची गादी गायब, खाली उघडी काळी माती. बॉट्रिकियम मॉर्मो नावाचा एक चिमुकला नेचा त्या गादीच्या आधाराने जगतो, तो अशा जागांवरून नाहीसा होताना दिसला.

तेव्हा ‘गांडुळं वाढली’ ही बातमी ऐकून पेढे वाटायच्या आधी कोणती वाढली, ते विचारावं.

संख्यापिशाच्च (मंगळवार, सकाळी)

रानओल, तुमच्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा.

आधी हिशेब. २५ बाय २५ ची चौकट म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग. खड्ड्यात एक गांडूळ नजरेतून सुटलं की अहवालात चौरस मीटरमागे १६ सुटली. वर्षाला ४८ खड्डे, म्हणजे ३ चौरस मीटर. सहा वर्षांत १८. एका बऱ्यापैकी खोलीएवढी जमीन बघून तुम्ही जंगलाबद्दल बोलताय. बोलू नये असं नाही, या विषयात सगळे असंच बोलतात, फक्त आवाज जरा खाली ठेवून.

त्यात गांडुळं जमिनीत सारखी पसरलेली नसतात. इथे घोळका, पलीकडे काही मीटरवर शुकशुकाट. व्हेरिअन्स, म्हणजे आकड्यांचा विखुरलेपणा, सरासरीच्या कितीतरी वर जातो आणि शून्याचे खड्डे भरपूर येतात. त्यामुळे शंका अशी की एखाद्या वर्षी चौकट दोन-तीन घोळक्यांवर पडली आणि पुढच्या वर्षी चुकली, एवढ्यावरही सरासरी चांगलीच हलू शकते. शून्याचे खड्डे हिशेबात धरलेत ना? ‘इथे काही मिळालं नाही म्हणून शेजारी खणलं’ असा प्रकार झाला असेल तर आत्ताच कबूल करा.

आणि हे सांगा:
प्रत्येक वर्षी तारीख काय होती?
त्या दिवशी मातीत ओल किती होती?
माती निवडायला कोण बसलं होतं?
नवा खड्डा जुन्या खड्ड्यापासून किती लांब घेता?

रानओल (मंगळवार, दुपारी)

शून्यं सगळी धरलीत, शपथेवर. नवा खड्डा जुन्यापासून किमान तीन मीटर लांब, नकाशावर खुणा आहेत. तारखेच्या बाबतीत आम्ही एकदम कडक, सहाही वर्षं त्याच आठवड्यातला शनिवार-रविवार. एका वर्षी एकाच्या बहिणीचं लग्न बुडवून गेलो होतो!

ओल मोजलेली नाही. वहीत ‘माती ओलसर’, ‘माती कोरडी’, ‘बरी’ असं लिहिलंय.

संख्यापिशाच्च (मंगळवार, दुपारी)

तारीख तुम्ही पाळलीत. पावसाने पाळली का?

ओली_माती (मंगळवार, संध्याकाळी)

पिशाच्चांनी नेमकं बोट ठेवलंय, मी जरा पसरट लिहिते. माझं स्वतःचं काम यातलंच आहे, आणि हीच चूक मी दोन वर्षं केलेली आहे.

गांडूळ कातडीने श्वास घेतं. कातडी ओली राहिली तर प्राणवायू आत जाणार. माती सुकायला लागली की त्याच्यापुढे दोनच वाटा. खोल जायचं, नाहीतर जिथे आहे तिथे मातीची छोटी गोल कोठडी करायची, आतून चिकट स्राव लिंपायचा आणि अंगाची गाठ मारून पडून राहायचं. अशी मुटकुळी तुम्ही नक्की पाहिली असतील. या अवस्थेतल्या गांडुळाला मोहरीच्या पाण्याचं सोयरसुतक नसतं, ते वर येत नाही. आणि हाताने निवडताना ते मातीच्या खड्यासारखं दिसतं, सहज सुटतं. म्हणजे कोरड्या वर्षी गांडुळं तेवढीच असूनही तुमच्या वहीत कमी येतात. पाऊस लांबला की तोच शनिवार वेगळ्याच ऋतूत पडतो.

तारीख धरायची नसते, वाफसा धरायचा. पहिल्या चांगल्या पावसानंतर माती आतपर्यंत भिजून, वरचं पाणी निचरून, हातात घेतली तर गोळा व्हावी आणि दाबली तर फुटावी अशी झाली की निघायचं. आणि प्रत्येक खड्ड्याशेजारची मूठभर माती डब्यात बंद करून आणायची, वजन करायचं, १०५ अंशाच्या ओव्हनमध्ये २४ तास सुकवायची, परत वजन करायचं. फरक म्हणजे ओल. ‘बरी’ हे एकक नाही हो.

ऋतूचं आणखी टोकाचं उदाहरण हवं असेल तर उत्तर अमेरिकेत पसरलेली अमिंथस ही उड्या मारणारी गांडुळं बघा. थंडी पडली की मोठी झालेली सगळी मरतात, फक्त अंड्यांचे कोष तगतात. वसंतात गेलात तर दोऱ्याएवढी पिल्लं, तीही दिसली तर. उन्हाळ्याच्या शेवटी गेलात तर पाचोळा हातात घेतला की वळवळाट. जंगल तेच, वर्षही तेच.

भिंगवाला (मंगळवार, रात्री)

उशिरा आलो, पण मला अजून कोणी सांगितलंच नाही की कमी झाली ती गांडुळं कोण होती. ‘गांडुळं निम्मी झाली’ हे ‘पक्षी निम्मे झाले’ असं म्हणण्यासारखं आहे. कावळे की धनेश?

जातीपर्यंत पोचता आलं नाही तर निदान राहणीवरून गट पाडा. मार्सेल बूशे या फ्रेंच संशोधकाने १९७७ मध्ये मांडलेली विभागणी अजून चालते. पाचोळ्यात आणि कुजक्या लाकडात राहणारी, बहुधा लहान आणि गडद रंगाची, ती एपिजेइक. मातीत आडवी बिळं करून माती खाणारी, फिकट, ती एंडोजेइक. खोल उभं बीळ ठेवून रात्री वर येऊन पाचोळा ओढून नेणारी दांडगी, ती अनेसिक. सगळ्याच जाती या तीन कप्प्यांत निमूट बसत नाहीत. पण जंगलात काय चाललंय याचा वास एकूण आकड्यापेक्षा या तीन आकड्यांना आधी लागतो.

दुसरी अडचण पिल्लांची. जात ओळखायची तर बहुतेक वेळा मोठं झालेलं गांडूळ लागतं, मानेजवळचा तो जाडसर पट्टा म्हणजे क्लायटेलम आलेलं. खड्ड्यातून निघतात त्यातली बरीचशी पिल्लं असतात, कित्येकदा निम्म्याहून जास्त. ती तुम्ही कशी लिहिता?

आणि नमुने ठेवलेत का? ठेवले असतील तर तुम्ही वाचलात.

रानओल (बुधवार, सकाळी)

नमुने आहेत! दर वर्षी प्रत्येक प्लॉटमधली मोठी सगळी आणि पिल्लांपैकी काही, अल्कोहोलमध्ये. कुप्या माझ्याच माळ्यावर आहेत, घरातून त्यावरून काय काय ऐकून घेतलंय ते विचारू नका. दुसऱ्या वर्षीच्या कुप्या मात्र मेल्यासारख्याच. बाहेरून मार्करने लिहिलं होतं, अल्कोहोल पाझरलं आणि सगळ्या कुप्या कोऱ्या झाल्या.

जातींची नावं पहिल्या वर्षी एका अभ्यासकाकडून लावून घेतली होती. पुढे ‘मोठी लाल’, ‘बारीक काळी’, ‘फिकट’ अशी आमची घरगुती नावं चालली.

भिंगवाला (बुधवार, सकाळी)

चिठ्ठी कुपीच्या आत टाकायची. जाड कागद आणि पेन्सिल. शाई कुठलीच नको. हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो आणि प्रत्येकजण एकदा नमुने घालवूनच शिकतो.

कुजकी_फांदी (बुधवार, दुपारी)

थोडं विषयांतर. तुमची चौकट पडलेल्या ओंडक्यांवर कधी पडते का? नाही ना? कोण ठोकणार ओंडक्यात चौकट! पण पाचोळ्यात राहणाऱ्या कित्येक जातींना जंगलातला खरा आसरा तोच. कोरड्या दिवसांत कुजक्या लाकडाच्या सालीखाली ओल टिकते. माझ्या पाहणीत मी प्रत्येक प्लॉटमध्ये ठराविक वेळ, समजा वीस मिनिटं, फक्त ओंडके उलटायला ठेवते. तो आकडा चौरस मीटरच्या हिशेबात बसत नाही, वेगळा लिहायचा. पण जातींची यादी त्याने एकदम लांबते. ओंडका परत होता तसा ठेवणे, ही विनंती नाही, दम आहे.

पाइनबद्दल. पोलंडमध्ये एकाच जागी चौदा जातींची झाडं शेजारी शेजारी लावून तीसेक वर्षांनी खालची माती तपासली होती, २००५ मध्ये ते काम छापून आलं. ज्या झाडांच्या पाचोळ्यात कॅल्शियम जास्त, त्यांच्याखाली गांडुळं जास्त आणि मातीचा सामूही (पीएच) वर. पाइनसारख्यांच्या पाचोळ्यात कॅल्शियम कमी. म्हणजे तुमचे बारा प्लॉट हा एक गट धरायचाच नाही. सहा आणि सहा वेगळे मांडा आणि मग सांगा, घसरण दोन्हीकडे आहे का?

आगाऊ_प्रश्न (बुधवार, दुपारी)

मोहरीचं पाणी म्हणजे नक्की काय? आणि त्याने झाडांना काही होत नाही का?

ओली_माती (बुधवार, संध्याकाळी)

साधारण लिटरभर पाण्याला १० ग्रॅम बारीक पूड. त्यातला झणका, आयसोथायोसायनेट, गांडुळाच्या कातडीला झोंबतो आणि ते बिळातून वर पळतं. पूर्वी यासाठी फॉर्मॅलिन ओतायचे. ते माणसाला आणि मातीला दोघांनाही वाईट, आता टाळतात. काहीजण मोहरीऐवजी तेच रसायन शुद्ध स्वरूपात वापरतात, कारण पुडीचा झणका पुडीगणिक बदलतो. रानओल, तुम्ही सहा वर्षं एकच पूड वापरलीत का, हा प्रश्न मी विचारणार नव्हते, पण आता विचारलाच. उभी बिळं करणाऱ्यांना ही पद्धत छान, आडव्या बिळांतल्यांना तितकी नाही, म्हणून हाताने निवडण्याला पर्याय होत नाही. आंतरराष्ट्रीय मानकातही, आयएसओ २३६११ च्या पहिल्या भागात, हाताने निवडणं आणि रसायनाने वर काढणं दोन्ही आहे.

रानओल (बुधवार, रात्री)

वह्या काढून बसलो. हळूहळू घाम फुटतोय.

चौथं आणि सहावं वर्ष, दोन्हींच्या पानावर ‘कोरडी’. सहाव्या वर्षी तर एका खड्ड्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘गाठ मारून बसलेली ३, गोट्या समजून फेकणार होतो.’ पाचवं वर्ष ‘ओलसर’, तरी आकडा कमी. म्हणजे सगळंच पावसावर ढकलता येत नाही.

मग निवडायला कोण होतं ते बघितलं. पहिली तीन वर्षं सगळी माती आमच्यातल्या एका ताईंच्या हाताखालून गेली. त्यांचे डोळे म्हणजे सोनाराचे. चौथ्या वर्षी त्या दुसरीकडे राहायला गेल्या आणि आम्ही उरलेले पुरुष बसलो. घसरण चौथ्या वर्षीच सुरू होते. मैत्रीण समोर बसून हे वाचतेय आणि काही बोलत नाहीये, ते जास्त लागतंय.

संख्यापिशाच्च (बुधवार, रात्री)

हे तपासता येतं. माती ओली असेपर्यंत परत जा. सहा-आठ खड्डे घ्या, एकाने निवडलेला ढीग न सांगता दुसऱ्याला द्या, मग उलट करा. ताईंना एक दिवस बोलावता आलं तर सोन्याहून पिवळं. यातून जुने आकडे दुरुस्त होणार नाहीत. पण घसरणीतला किती भाग हाताचा, याचा अंदाज येईल.

पानगळ (गुरुवार, सकाळी)

वाचतोय. एक शंका. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या जुन्या नोंदी एकत्र करून अंदाज आला होता की तिथली गांडुळं २५ वर्षांत ३३ ते ४१ टक्क्यांनी घटली असावीत, आणि सगळ्यात जास्त घट पानझडी जंगलांत. मग रानओल यांची घट खरी का नसावी?

संख्यापिशाच्च (गुरुवार, सकाळी)

असू शकते. मी खोटी म्हटलेलं नाही, सिद्ध झालेली नाही म्हटलं. त्या अभ्यासाची खरी गोष्ट मला वेगळीच वाटते. शंभराहून जास्त वेगवेगळे अभ्यास जोडून तो अंदाज काढावा लागला, कारण पक्ष्यांची किंवा फुलपाखरांची असते तशी वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने केलेली गांडुळांची मोजणी हाताशी नव्हती. पक्षी मोजायला पहाटे माणसं रांग लावतात. माती चिवडायला कोण येतं? म्हणूनच या गटाची सहा वर्षं मोलाची आहेत, आणि म्हणूनच मी त्यांना इतका छळतोय.

भिंगवाला (गुरुवार, दुपारी)

या विषयात चिकाटीचा मान डार्विनकडेच जातो. १८४२ च्या डिसेंबरात घराजवळच्या एका शेतावर खडूचे तुकडे पसरले आणि १८७१ च्या नोव्हेंबरात, २९ वर्षांनी, चर खणून बघितलं. पांढरी रेघ सात इंच खाली गेली होती. गांडुळांनी वर आणून टाकलेल्या मातीखाली. दोनच नोंदी, मध्ये २९ वर्षं. आपण मात्र पाचव्या वर्षी कल काढून मोकळे.

रानओल, कुप्यांचे फोटो टाका. शेपटीकडचा भाग भिंगातून, जमेल तेवढा जवळून.

रानओल (पुढचा रविवार, रात्री)

जाऊन आलो. पाऊस होऊन चौथा दिवस होता, वाफसा अगदी ओली_मातींनी लिहिला तसा. ताई आल्या होत्या.

आठ खड्डे घेतले. मी निवडून ‘संपलं’ म्हटलेल्या प्रत्येक ढिगातून ताईंनी काही ना काही काढलंच. एकातून चार. सगळी बारीक, मुळांच्या जाळ्यात अडकलेली पिल्लं. त्यांच्या ढिगातून मला आठही वेळा काही मिळालं नाही. त्या फक्त हसल्या. मोठी गांडुळं मात्र आमच्या दोघांची सारखीच निघाली.

म्हणजे पिल्लांचा आकडा चौथ्या वर्षापासून आमच्या हातांनीच पाडला. म्हणून परत सगळा हिशेब फक्त मोठ्यांवर केला, पाइन आणि रान वेगळं धरून. कोरडी वर्षं बाजूला ठेवली तर रानात घट जवळजवळ दिसत नाही. पाइनमध्ये आकडा उलट थोडा वाढलाय. पण ‘बारीक काळी’ पाइनमधून गेलीय, ‘फिकट’ वाढलीय. एकूण आकड्यात हे मला सहा वर्षं दिसलं नव्हतं.

फिकटच्या शेपटीचे फोटो खाली टाकलेत.

भिंगवाला (सोमवार, सकाळी)

फोटो चांगले आलेत. शेपटीकडचे केस मोजा. गांडुळाच्या प्रत्येक वळ्यावर बारीक राठ केस असतात, बऱ्याच जातींत ते शेपटीपर्यंत सरळ ओळींत जातात. तुमच्या फिकटमध्ये ओळी मोडल्यात. एका वळ्यावरचे केस पुढच्या वळ्यावरच्या मधल्या फटीत आलेत, विटांच्या भिंतीसारखे. बोट फिरवलंत तर शेपूट ब्रशसारखी लागेल.

ही पोंटोस्कोलेक्स कोरेथ्रुरस. पक्कं नाव कुपी हातात आल्यावर देईन, पण पैज लावायला तयार आहे. मूळची दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातली, १८५७ मध्ये फ्रिट्झ म्यूलरने ब्राझीलमधून वर्णन केलेली. आज उष्ण प्रदेशात जिथे माणसाने माती हलवली तिथे बहुतेक ती असतेच. हिला जोडीदाराची गरज नाही, एकटीच कोष घालते आणि त्यातून पिल्लू निघतं. एक कोष पोचला की वसाहत सुरू होऊ शकते. तुमचा एक फायदा, शेपटीमुळे हिची पिल्लंही ओळखता येतात.

आणि ‘गांडूळ म्हणजे माती भुसभुशीत’ हेही हिच्या बाबतीत सरसकट खरं नाही. ब्राझीलमध्ये मानाउसजवळ जंगल तोडून केलेल्या कुरणांत हिचं इतकं पेव फुटलं की विष्ठेच्या चिकट थराने वरची माती थापल्यासारखी घट्ट झाली, पाणी मुरेना. १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ज्या जंगलात तऱ्हेतऱ्हेचे मातीतले जीव असतात, तिथे तीच माती पुन्हा फोडली जाते. कुरणात फोडणारे उरले नव्हते.

आता लगेच ‘हिने देशी जात हुसकावली’ असं लिहू नका. आलेलीने हुसकावलं, की माणसाच्या वावराने जुनी आधीच गेली आणि रिकाम्या घरात ही शिरली, हा वाद जुना आहे. पोर्टो रिकोत सोडून दिलेल्या कुरणांवर जंगल परत वाढलं, तेव्हा जुन्या होत गेलेल्या भागांत देशी जाती पुन्हा दिसू लागल्या. ही तिथे होतीच, तरीही.

कुजकी_फांदी (सोमवार, दुपारी)

पाचोळ्याची जाडी मोजलीत का कधी? बारीक काळी जर पाचोळ्यातली असेल तर तिच्या घराचं काय झालं, हे त्यातून कळेल. एक पट्टी पुरते.

रानओल (सोमवार, दुपारी)

नाही मोजली. पाचोळा बाजूला काढतो, निवडतो, परत पसरतो. सहा वर्षं हातात होता. पुढच्या वेळेपासून मोजतो.

फिकट कोणत्या वर्षी कुठे मिळाली, ते कुप्यांवरून लावलं. पहिल्या वर्षी कुठेच नाही. दुसऱ्या वर्षाचं सांगता येत नाही, कुप्या कोऱ्या. तिसऱ्या वर्षी फक्त प्लॉट ७, जो गाडीरस्त्याच्या कडेला आहे. चौथ्या वर्षी ७ आणि ८. पाचव्या वर्षी ७ ते १०. यंदा १२ सोडून पाइनमधले सगळे, आणि रानातला फक्त १.

भिंगवाला (सोमवार, संध्याकाळी)

प्लॉट १ पाइनला लागून आहे?

रानओल (सोमवार, संध्याकाळी)

नाही. पाइनच्या हद्दीला ५ आणि ६ आहेत. १ दुसऱ्या टोकाला, चांगला अर्धा-पाऊण किलोमीटर लांब.

संख्यापिशाच्च (सोमवार, संध्याकाळी)

मिनेसोटातली आघाडी वर्षाला ५ ते १० मीटर सरकते. जात वेगळी, हवामान वेगळं, तरी सहा वर्षांत अर्धा किलोमीटर, मधले प्लॉट सोडून? तुम्ही प्लॉट कोणत्या क्रमाने करता?

रानओल (सोमवार, रात्री)

गाडी रस्त्याला लावतो. ७ पासून सुरुवात, १२ पर्यंत. जेवतो. मग सामान घेऊन परत गाडीशी आणि पलीकडच्या वाटेने १ कडे.

भिंगवाला (सोमवार, रात्री)

मधे चौकट आणि कुदळ धुता?

रानओल (सोमवार, रात्री)

पुसतो.

ओली_माती (सोमवार, रात्री)

बापरे.

संख्यापिशाच्च (सोमवार, रात्री)

अजून काही सिद्ध नाही. रस्त्याच्या मातीतून, गुरांच्या खुरांतून, पाण्याच्या लोंढ्यातूनही जाऊ शकते. १ जवळ पायवाट असेल तर तीही बघा. पण ७, ८, ९, १० आणि मग १, हा क्रम मला आवडला नाही.

रानओल (मंगळवार, पहाटे)

झोप लागली नाही. आता ठरवलंय ते असं. दोन चौकटी, दोन कुदळी, दोन कापडं, रानाची वेगळी आणि पाइनची वेगळी. क्रम उलटा, आधी रान, नंतर पाइन. प्रत्येक प्लॉटनंतर ब्रश, पाणी, बुटांचे तळ खरवडून. जुनी चौकट उकळत्या पाण्यात. प्लॉट १ च्या भोवती दर दहा मीटरवर लहान खड्डे घेऊन फिकट कुठपर्यंत आहे ते बघणार, आणि तिथे जाताना मोजे घालून जायची वेळ आली तरी चालेल.

‘निम्म्यावर आली’ हे वाक्य काढलं. त्या जागी कोणत्या वर्षी कोणी निवडलं, माती कशी होती, फिकट कुठे कधी मिळाली, याचा तक्ता घातला.

प्लॉटचा क्रम आणि न धुतलेली चौकट हे अहवालात लिहायचं का, यावर गटात रात्री बरीच वादावादी झाली. मैत्रीण म्हणाली, पहिल्या पानावर लिही. लिहितोय.